अरबीचे क्रेडिट नागपुरात आणताना

हैदराबाद, अलीगढ किंवा दिल्लीत एक-दोन सत्रं अरबी शिकून झाली आणि आता पदवी नागपुरात पूर्ण करायची आहे, अशा मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एबीसीत क्रेडिट दिसतात, मग कॉलेज ते धरत का नाही?" कारण एबीसी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, ही पूर्ण केलेल्या पेपरांचे क्रेडिट ठेवायची नुसती तिजोरी आहे. आत काय पडलंय ते ती दाखवते. ते चालवून घ्यायचं की नाही आणि घेतलं तर कुठल्या रकान्यात, हे पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं. अरबीचं घोडं बहुतेक वेळा या रकान्यापाशीच अडतं.

बँकेचे नियम आधी उरकून घेऊ. यूजीसीने ते जुलै २०२१मध्ये आणले. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं जिवंत राहतात. एकदा एका पदवीसाठी वापरले की ते दुसरीकडे चालत नाहीत. ज्या विद्यापीठाची पदवी हवी, तिथून निदान ५० टक्के क्रेडिट कमावलेले असावे लागतात. विद्यार्थ्याला स्वतःहून काहीही चढवता येत नाही, ते काम जुन्या संस्थेचंच. डिजिलॉकरमधून निघालेला बारा अंकी अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, जुन्या कॉलेजात नोंदवलेला नसेल, तर निकाल लागूनही खातं रिकामंच दिसतं.

खातं रिकामं दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. त्यात 'शेख' इंग्रजीत निदान चार तऱ्हांनी लिहितात, आणि 'मोहम्मद'चं कुठे 'मो.' होतं तर कुठे पूर्ण नाव. जुन्या विद्यापीठाच्या नोंदीत एक आणि आधारवर दुसरं असेल तर माहिती जुळत नाही आणि क्रेडिट लटकतात. दुरुस्ती जुन्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातूनच होते. म्हणून ते शहर सोडण्याआधीच ती करून घ्या. नंतर नागपुरात बसून फोनवर हे काम होत नाही.

आता तासांचा हिशेब. व्याख्यानाचा एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात १५ तास शिकवणं, प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. भाषेच्या पेपरात संभाषणाचे आणि लँग्वेज लॅबचे तास प्रात्यक्षिकात धरले जाऊ शकतात, आणि फसगत होते ती इथे. समजा, अरबीचा पेपर एकूण ६० तासांचा आहे. सगळी व्याख्यानं असतील तर चार क्रेडिट. पण ३० तास व्याख्यान आणि ३० तास संभाषण असेल तर दोन अधिक एक, म्हणजे तीनच. प्रमाणपत्रावर नुसतं '६० तास' लिहून आणलं तर क्रेडिट तपासणारी समिती आपल्या सोयीचा अर्थ लावते आणि तो तुमच्या सोयीचा असेलच असं नाही. व्याख्यान किती, प्रात्यक्षिक किती, ही फोड लेटरहेडवर मागून घ्या.

इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, हिशेब वेगळा आहे. तिथे एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वाचन, स्वाध्याय, समुपदेशन वर्ग सगळं त्यात आलं. म्हणून इग्नूच्या क्रेडिटला १५ने गुणून वर्गातले तास काढू नका, आणि अर्जात 'इतके तास वर्ग झाले' असं तर मुळीच लिहू नका. क्रेडिट हे क्रेडिट म्हणूनच मांडायचे.

आता रकाने. महाराष्ट्रातल्या नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात आणि ते मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय), क्षमतावर्धन, कौशल्य, मूल्यशिक्षण असे वाटलेले असतात. चार क्रेडिटची अरबी हातात घेऊन आलात तर ती यातल्या कुठल्या तरी एका खान्यात शिरली पाहिजे.

पहिला खाना डोळ्यांसमोर येतो तो भाषेचा, म्हणजे क्षमतावर्धनाचा, ज्याला कॉलेजात सगळे एईसी म्हणतात. राज्याच्या आराखड्यात तिथे आठ क्रेडिट आहेत: चार इंग्रजीचे आणि चार आधुनिक भारतीय भाषेचे. अरबी घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये नाही. तेव्हा आपल्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठाने जी भाषांची यादी छापली आहे, तिच्यात अरबीचं नाव आहे का ते बघा. असेल तर काम सरळ आहे. नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, मराठी, हिंदी किंवा उर्दूचे ते चार क्रेडिट इथे पुन्हा करावे लागतील. हैदराबादच्या डिग्री कॉलेजात अरबी 'सेकंड लँग्वेज' म्हणून घेतलेल्यांना हे फार लागतं, कारण तिथे तो भाषेचाच पेपर होता.

दुसरा खाना ओपन इलेक्टिव्हचा. तो मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. अरबी मानव्यविद्येत येते. म्हणून बीकॉम किंवा बीएस्सीच्या मुलाची अरबी इथे आरामात बसते, आणि इतिहास मेजर असलेल्या बीएच्या मुलीची तीच अरबी, त्याच विद्यापीठातली, त्याच गुणांची, बसत नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण नियमाचा हेतूच मुलांनी आपल्या शाखेबाहेर डोकावावं असा आहे.

मग बीएवाल्यांना उरतो मायनर. मायनर त्याच विद्याशाखेतला दुसरा विषय असू शकतो, त्यामुळे इतिहास मेजर आणि अरबी मायनर ही जोडी कागदावर चालते. अडचण पुढे येते. मायनरला १८ ते २० क्रेडिट लागतात. बाहेरून आठ आणलेत तर उरलेले दहा-बारा कुठे करणार? प्रवेश घेतलेल्या कॉलेजात अरबी शिकवायला प्राध्यापकच नसेल तर मायनर अर्धवट राहतो आणि आणलेले आठ क्रेडिटही हवेत जातात. म्हणून कॉलेज निवडतानाच विचारा की अरबीचे पुढच्या सत्रांचे पेपर कोण शिकवतं आणि मागच्या वर्षी त्या वर्गात मुलं होती का. माहितीपत्रकात विषयाचं नाव छापलेलं असणं आणि तासिका होणं यात बरंच अंतर असतं. अरबी मेजरच होती तर हाच प्रश्न दुप्पट जड होतो; तिथे कॉलेजऐवजी शहर बदलण्याचाच फेरविचार केलेला बरा.

रकाना ठरला की अभ्यासक्रमाची तुलना होते. तुमच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेल्या अभ्यासक्रमाची, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याची प्रत लागते. संकेतस्थळावरची पीडीएफ बरेचदा नंतर सुधारलेली असते; तिच्यातला पेपर कोड गुणपत्रिकेवरच्या कोडशी जुळला नाही की अर्ज परत. विभागाने अभ्यासक्रम अरबीत किंवा उर्दूत लिहिलेला असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा आणि त्यावरही शिक्का घ्या. समितीत अरबी जाणणारे एखाद-दोन असतील, पण फाईल ज्या टेबलांवरून फिरते तिथे सगळ्यांना ती वाचता आली पाहिजे.

भाषांतरात नुसती शीर्षकं देऊ नका. 'अरबी व्याकरण भाग १' यावरून कोणालाच काही कळत नाही. काय शिकवलं ते घटकवार लिहा: अट्ठावीस अक्षरं आणि त्यांची जोडरूपं, स्वरचिन्हांसह आणि स्वरचिन्हांशिवाय वाचन, तीन अक्षरी धातूपासून होणारी क्रियापदांची रूपं, दुर्बल क्रियापदं, द्विवचन, अनियमित अनेकवचनं, शब्दांच्या अखेरचे विभक्तीबदल, संख्यावाचकं. शेजारच्या रकान्यात इथल्या पेपरचा जुळणारा घटक. दोन पानांचा हा तक्ता स्वतः करून जोडला तर अभ्यास मंडळाच्या सदस्याचं निम्मं काम होतं आणि तो 'नाही' म्हणण्याआधी निदान वाचतो तरी. एक गोष्ट स्पष्ट लिहाच: शिकवलेली अरबी प्रमाण अरबी, म्हणजे फुस्हा होती की एखादी बोली. आखाती देशांत नोकरीसाठी बोलीभाषेचे जे वर्ग चालतात, ते विद्यापीठाच्या फुस्हाच्या पेपरशी जुळत नाहीत, तास कितीही भरोत.

अर्ज कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत जातो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचं क्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचं; संलग्न कॉलेज असेल तर समकक्षतेचा निर्णय विद्यापीठात होतो. स्वायत्त कॉलेजचं स्वतःचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद असते, म्हणून तिथे आधी कॉलेजातच विचारा. ही मंडळं रोज बसत नाहीत. सत्र सुरू झाल्यावर अर्ज केला तर निर्णय यायला परीक्षेचे फॉर्म उजाडू शकतात, आणि तोवर तुम्ही बिनक्रेडिटचे. मे महिन्याच्या उन्हातच धावपळ करून घ्या.

सगळ्यांत महागात पडते ती क्रमातली चूक. आधी टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र) काढलं, मग नागपुरात विचारलं, आणि इथे नकार आला. मायग्रेशन निघालं की जुनी नोंदणी संपल्यात जमा. परत जायचं तर पुन्हा प्रवेशाची विनवणी. म्हणून आधी गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाच्या प्रती देऊन किती क्रेडिट, कुठल्या रकान्यात, हे लेखी घ्या. कार्यालयातल्या कोणी 'होऊन जाईल ना बाप्पा' म्हटलं, तर त्याला आवक क्रमांक नसतो.

लेखी उत्तरात आणखी एक गोष्ट पाहा: क्रेडिटसोबत श्रेणीही येणार की नुसती सूट मिळणार. फरक मोठा पडतो. समजा, सत्र २२ क्रेडिटचं आहे. बाकी १८ क्रेडिटमध्ये सरासरी ७ गुणांक, म्हणजे १२६. अरबीच्या चार क्रेडिटला ए प्लस, म्हणजे ९ गुणांक, तर ३६. बेरीज १६२, भागिले २२, एसजीपीए, म्हणजे सत्राचा सरासरी गुणांक, ७.३६. नुसती सूट मिळाली तर १२६ भागिले १८, म्हणजे ७ वरच थांबलात. टक्क्यांवरून श्रेणी काढायच्या सीमारेषा दोन विद्यापीठांत वेगळ्या असतात, म्हणून मूळ गुण दाखवणारी गुणपत्रिकाही मागून ठेवा.

काही कागद या रांगेत उभेच राहू शकत नाहीत. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे अरबीचे प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग भाषा शिकायला चांगले आहेत, पण ती परिषद विद्यापीठ नव्हे. ते सत्राचे क्रेडिट म्हणून आपोआप धरले जात नाहीत. मदरशाच्या आलिम किंवा फाजिल सनदेवर काही केंद्रीय विद्यापीठं ठरावीक अभ्यासक्रमांना प्रवेश देतात. ती प्रवेशाची पात्रता झाली, त्यातून पदवीचे क्रेडिट कापून मिळत नाहीत. सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या 'स्वयम्' मंचावर त्या सत्रात अरबीचा अभ्यासक्रम असेल तर यूजीसीच्या नियमाने सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात. मात्र कॉलेजने तो सत्राआधी मंजूर केलेला हवा आणि देखरेखीखालची अंतिम परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. नुसते व्हिडिओ पाहून उपयोग नाही.

परदेशातून आलेल्यांसाठी थोडक्यात. पूर्ण पदवीची समकक्षता आधी भारतीय विश्वविद्यालय संघ पाहत असे, २०२५च्या नियमांनी ते काम यूजीसीकडे आलं; एकेका पेपरची समकक्षता त्यात येत नाही. सुट्या क्रेडिटसाठी नव्या विद्यापीठाकडेच जावं लागतं. अरबी गुणपत्रिकेवर आकड्यांऐवजी मुमताज, जय्यिद जिद्दन, जय्यिद, मकबूल असे शेरे असतात आणि त्यांच्यामागची टक्केवारी संस्थेगणिक बदलते, म्हणून त्याच संस्थेचा श्रेणीतक्ता जोडा. सौदी अरेबिया, ओमान, बहरीन, मोरोक्को यांच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे हेग करारानुसारचं एकच सरकारी प्रमाणीकरण, चालतं. इजिप्त त्या करारात नाही. कैरोच्या गुणपत्रिकेवर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग भारतीय दूतावासाचा शिक्का लागतो, आणि तो तिथे असतानाच घ्यायचा.