आमची वाटचाल : खडकीची पितळ, दापोडीचं वर्कशॉप

आमच्या वर्कशॉपचा पत्ता दापोडीचा असला तरी त्याचं मूळ नदीपलीकडे, खडकीत आहे.

खडकी हे तेव्हा मुळेकाठचं लहानसं गाव होतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई इथंच झाली. पुढे छावणी पडली, १८५८ मध्ये रेल्वे आली आणि १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर गावाचा दिवस कोंबड्यावर नाही, भोंग्यावर सुरू होऊ लागला. दोन्ही महायुद्धांत इथली काडतुसं बाहेर गेली. थ्री नॉट थ्री रायफलीच्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं असत, म्हणजे किरकी फॅक्टरी. इंग्रजांना खडकी म्हणता येत नव्हतं, म्हणून किरकी.

आमचे आजोबा १९४२ साली मावळातून चालत आले आणि त्या कारखान्यात कामाला लागले. घरी भातशेती होती, पण युद्धात माणसं हवी होती आणि पगार महिन्याच्या महिन्याला मिळायचा. गेटवर झडती व्हायची. काडेपेटी सापडली तर नोकरी गेलीच म्हणून समजा. आजोबांनी त्या कारखान्यातून पितळेचा चुराही कधी घरी आणला नाही, हे आजी शेवटपर्यंत अभिमानानं सांगायची.

काडतुसाची नळी ओतीव नसते. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेच्या पट्टीतून आधी एक वाटी पाडतात. ती वाटी पंचानं, म्हणजे पोलादी दांड्यानं, डायमधून, म्हणजे साच्याच्या भोकातून, ओढत ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मधेमधे भट्टीत घालून नरम करावं लागतं. तो टप्पा चुकवला की नळी फाटते. आजोबा वाटीच्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवून सांगायचे, ही पुढच्या ओढीला टिकेल, ही नाही. ते नख वडिलांकडे आलं, आणि थोडंफार माझ्याकडे.

वडिलांनी आयटीआय केलं, काही वर्षं दुसऱ्यांच्या शेडवर काम केलं आणि १९७९ मध्ये धातू दाबून आकार द्यायचा एक जुना प्रेस घेऊन दापोडीत स्वतःचं सुरू केलं. पंपाच्या पितळी टोप्या आणि इलेक्ट्रिक फिटिंगचे कप बनवायचे. दारूगोळ्याचं काम आम्ही कधी केलं नाही. हात मात्र तिथलाच.

एक पावसाळा मी विसरणार नाही. जागा अपुरी पडली म्हणून तयार टोप्यांची खोकी शेजारच्या गोठ्यालगतच्या खोलीत ठेवली. श्रावणात माल उचलला, तर निम्म्या टोप्यांना उभ्या चिरा. कोणी हात लावला नव्हता, कुठं आपटलं नव्हतं. गिऱ्हाइकानं सगळा लॉट परत केला. मी पितळ देणाऱ्याला बोलायला निघालो होतो. आजोबा तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी टोपी हातात घेतली, खोलीत जाऊन नुसता वास घेतला आणि म्हणाले, “बाळा, पितळेचा दोष नाही. म्हशीच्या मुताचा आहे.”

ते खरं होतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं अशीच चिरत. ओढल्यामुळे पितळेत ताण अडकून राहतो. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत त्यावर बसला की धातू आपोआप उलतो. कारण नीट कळलं ते १९२१ मध्ये. उपाय साधा आहे, शेवटच्या ओढीनंतर अडीचशे-तीनशे अंशांवर हलकी भट्टी. तेवढ्यानं ताण निघतो आणि कडकपणा राहतो. आम्ही खर्च वाचवायला नेमका तोच टप्पा गाळला होता. चूक सर्वस्वी माझी होती, आणि त्या गिऱ्हाइकाला सगळा माल नव्यानं, पदरचे पैसे घालून करून दिला.

१ ऑक्टोबर २०२१ पासून खडकीचा कारखाना पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. आजोबा ते बघायला राहिले नाहीत.

आता आमच्याकडे सात प्रेस आणि अकरा माणसं आहेत. ओढलेला एकही लॉट भट्टीशिवाय पॅकिंगला जात नाही. प्रत्येक लॉटमधले पाच नग झाकणाच्या बरणीत अमोनियाच्या वाफेवर रात्रभर ठेवतो आणि सकाळी भिंगाखाली बघतो. बघण्याआधी मी काठावरून नख फिरवतो.