नेमका गेम सुरू होतानाच

पुण्यात गुरुवारी वीज जाते ती निदान सांगून जाते. गेमवर डबल क्लिक केल्यावर कॉम्प्युटर जातो तो न सांगता. आणि हाच कॉम्प्युटर दिवसभर ब्राउझरच्या तीस टॅब, एक्सेल, वर यूट्यूबवर नाट्यगीत असं सगळं बिनतक्रार सांभाळत असतो. त्यामुळे घरच्यांचा निकाल ठरलेला : "गेमच वाईट!" निकाल बहुतेकदा चुकतो, पण अगदीच टाकाऊ नसतो. एक्सेलला एक वाढपी पुरतो. गेम उघडला की अख्खी पंगत एकदम बसते. शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल करायला प्रोसेसरचे सगळे कोअर जुंपले जातात, पेंगणारं ग्राफिक्स कार्ड क्षणात शे-दोनशे वॅट मागतं, रॅम भरू लागते. जो भाग कच्चा असेल तो इथे उघडा पडतो.

म्हणून 'कोणता गेम?' याआधी 'पडतो कसा?' हे विचारावं. गेम गुपचूप मिटून डेस्कटॉप दिसला तर आधी सॉफ्टवेअरवर संशय. एररचा मजकूर असलेला निळा पडदा (नव्या विंडोज ११वर तो काळा झाला आहे) आला तर ड्रायव्हर किंवा रॅम. काही न लिहिता स्क्रीन काळी होऊन मशीन आपणहून रीस्टार्ट झालं, तर विजेकडे बघायचं. (त्याआधी सिस्टिम प्रॉपर्टीजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढावी, पुष्कळदा निळा पडदा येऊन वाचायच्या आत निघून गेलेला असतो.)

काळ्या स्क्रीनवाले इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडतात, तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि ते तडक तापकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) नवा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणायला निघतात. जरा थांबावं. ४१ची नोंद हा मृत्यूचा दाखला आहे, शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते, आणि तेही पुन्हा सुरू झाल्यावर. त्याच्या आसपास 'व्हिया-लॉगर'ची (WHEA-Logger) नोंद असेल तर हार्डवेअरने स्वतःच तक्रार केली आहे, आणि ती बऱ्याचदा प्रोसेसरच्या नावावर असते. काहीच नसेल, तर वीजपुरवठ्यावरचा संशय बळावतो.

आता कॅबिनेट उघडावं. (ज्या डब्याला सगळं पुणं 'सीपीयू' म्हणतं, तो.) कार्डाला ८ पिनांची दोन सॉकेट असतील आणि दोन्हीत एकाच केबलची दोन तोंडं खुपसलेली असतील, तर ती सोय नव्हे, आळस आहे. ८ पिनांच्या एका जोडणीसाठी १५० वॅट धरलेले असतात. दोन वेगळ्या केबल लावाव्यात. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, म्हणून एकदा मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवून बघावं. मग कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची कमाल मर्यादा) ७० टक्क्यांवर आणावी. तेवढ्यावर गेम उघडून चालू राहिला, तर एसएमपीएस किंवा कार्ड यांच्यातच पाणी मुरतंय.

उन्हाळ्यात पारा चाळिशीला गेला की दोष उष्णतेला देतात. पण उष्णतेला वेळ लागतो. गेम उघडून दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर तिचं नाव घ्यावं. दहाव्या सेकंदाला पडला तर ती बहुधा निर्दोष असते, कूलर सैल बसला असेल तर गोष्ट वेगळी. धूळ मात्र काढाच. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग घालवतो.

रॅमबाबत खरी गोम एक्सएमपीत, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने पळवणाऱ्या सेटिंगमध्ये असते. खोक्यावर छापलेला वेग हा मुळात ओव्हरक्लॉकच, म्हणजे नेमल्यापेक्षा जास्त पळवणं. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी बंद करून गेम चालला, तर उत्तर दोन मिनिटांत मिळालं. नाही चालला, तर रॅमची एकेक स्टिक लावून मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार पास (फेऱ्या) द्यावेत. सोनेरी पट्टीवर शाळेचं खोडरबर हलक्या हाताने फिरवणं ही आपल्याकडची जुनी विद्या; जुन्या स्टिकवर अजून चालते.

गेम दाखवतो त्या मेसेजवर मात्र फार विसंबू नये. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर शेडर लोड होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असं यायचं. लोक कार्डाला शिव्या घालायचे; दोष प्रोसेसरचा होता, त्याला नको तेवढं व्होल्टेज जात होतं. २०२४मध्ये बायोस अपडेटमधून दुरुस्ती आली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली. पण बिघडून बसलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

राहिली गुपचूप मिटण्याची तऱ्हा. स्टीममध्ये (ज्या ॲपमधून गेम घेतला आणि चालवला जातो ते) गेमच्या फाइल व्हेरिफाय करा, सगळे ओव्हरले (गेमवर तरंगणाऱ्या इतर ॲपच्या खिडक्या) बंद करा, सेटिंगची फाइल बाजूला ठेवून गेमला नवी बनवू द्या, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने कार्डाचा जुना ड्रायव्हर पुसून नवा टाका. एका वेळी एकच गोष्ट करा. चारही एकदम केल्या तर गेम चालेल, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि महिन्याभराने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एवढं करूनही पडत असेल तर सी ड्राइव्हच्या 'यूझर्स' फोल्डरमध्ये डोकवा. विंडोज टाकताना कुणी हौसेने 'ऋतुजा' असं देवनागरीत नाव दिलं असेल, तर फोल्डरही त्याच नावाचं होतं, आणि काही गेमना रोमनखेरीज अक्षरांचा तो पत्ता वाचताच येत नाही. सेटिंगमध्ये नाव बदलून उपयोग नाही, फोल्डर तसंच राहतं. रोमन अक्षरांत नवं लोकल अकाउंट काढायचं. ऐंशी जीबीचा गेम पुन्हा उतरवावा लागत नाही; जुन्या अकाउंटमधले सेव्ह तेवढे आठवणीने उचलून आणायचे.