सासवडच्या माळावर, दोन्ही पाय खाली

मारुतीची जिम्नी घेऊन आठ महिने झाले तरी चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गिअरशेजारच्या त्या छोट्या लिव्हरला मी हात लावला नव्हता. घरातले टोमणे मारायचे ते उगाच नाही. फोर बाय फोर घ्यायची आणि हडपसरच्या भाजी मंडईत न्यायची!

शेवटी मामेभावाला फोन केला. त्याचं अंजिराचं शेत सोनोरीत, मल्हारगडाच्या पायथ्याला. रविवारी सकाळी दिवे घाट चढून पोचले, तर चहाच्या आधी यानं टायरची हवाच सोडायला बसवलं. ३० पीएसआयची २० वर आणली. टायर खाली पसरट झाला, की दगडगोट्यांवर पकड घेतो आणि आपली कंबरही वाचते.

वाट बैलगाडीची, दोन्हीकडे बोराटी आणि बाभळी. वाट सोडून गवतात घालायची नाही, हे त्यानं आधीच बजावलं. गवतात चंडोलाची घरटी जमिनीवरच असतात.

पहिल्या शंभर पावलांतच मी माती खाल्ली. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. मी सरळ त्यांत चाकं घातली आणि पोटाखालून खर्रर्र! कागदावरचा २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमिनीतलं अंतर, मधल्या वरंब्याला कोण सांगणार?

"ताई, एक चाक वरंब्यावर, दुसरं चाकोरीच्या बाहेर. आणि उतरून बघ की आधी!"

मग प्रत्येक वळणाला उतरले. गुडघे दुखले, पण गाडी परत घासली नाही.

खरी तंतरली ओढ्याच्या उतरणीवर. सुटा मुरूम, समोर नुसतं बॉनेट आणि आभाळ. गाडी थांबवून लिव्हर ४एलवर टाकलं, म्हणजे चारही चाकांना ताकद पण वेग एकदम कमी; वर पहिला गिअर. "आता क्लचवरून पाय काढ. ब्रेकवरूनपण." हे ऐकायला सोपं आहे हो! उजवा पाय तीनदा आपोआप ब्रेककडे गेला, एकदा मागची चाकं सरकलीसुद्धा. चौथ्यांदा दोन्ही पाय खाली टेकवले आणि इंजिननं घुं करत गाडी धरून ठेवली. माणूस चालतो त्याहून हळू, पण सरळ खाली.

डांबर लागायच्या आत लिव्हर परत २एचवर, म्हणजे ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. कोरड्या रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडलेली ठेवली, तर वळताना गिअरबॉक्सवर ताण येतो.

सासवडला हवा भरायला थांबले. पंक्चरवाल्यानं चारही टायर बघितले, मग माझ्याकडे. "चारही पंक्चर, मॅडम?"