मागच्या ट्रॉलीचा दिवा

ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲलिस स्प्रिंग्ज, स्टुअर्ट हायवेने सुमारे १,५०० किलोमीटर. कॅथरीनची घळ पाहिली, डेव्हिल्स मार्बल्सचे गोल दगड पाहिले, छान होतं. पण डोक्यात राहिल्या त्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर ओढणारे ट्रक.

पहिली मातारांकाच्या पुढे दिसली. मुलगा गाडी चालवत होता, काटा १३० वर. तिथे तेवढी मुभा आहे. पुढे एका ट्रकमागे तीन ट्रेलर. शेवटचा डावीकडे सरकायचा, मग उजवीकडे. शिरोळला आमच्या घरी उसाचा ट्रॅक्टर आहे, दोन ट्रॉल्यांचा, त्यामुळे हा हेलकावा माझ्या ओळखीचा. स्टिअरिंग बोटभर हललं की मागची ट्रॉली हातभर हलते.

"घाई नको रे."

"बाबा, समोर मोकळं दिसल्याशिवाय नाही काढत."

काढायला लागलो तर ट्रेलर संपेचनात. पंचवीस सेकंद असतील फार तर, पण हिने माझं मनगट सोडलं नाही.

डनमाराच्या रोडहाउसवर गुरांची रोड ट्रेन उभी होती. दुमजली ट्रेलर, फटींतून ओल्या नाकपुड्या, शेणाचा वास. अगदी घरच्यासारखं वाटलं. मी टायर मोजत गेलो: ६२. ड्रायव्हर म्हणाला, लांबी ५३.५ मीटरपर्यंत चालते, भरल्यावर वजन शंभर टनांच्या वर. गाय आडवी आली तरी तो स्टिअरिंग ओढत नाही. ओढलं तर मागचा ट्रेलर उलटतो. पुढचा जाडजूड बुलबार, म्हणजे धडक झेलणारा दांड्यांचा सांगाडा, त्यासाठीच.

ॲलिसला कळलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर कर्ट योहान्सन या माणसाने लष्कराच्या जुन्या डायमंड टी ट्रकमागे ट्रेलर जोडले आणि ते ट्रकच्याच चाकोरीतून वळतील अशी रचना केली. आमचा हेलकाव्याचा त्रास त्यानेही सोसला असणार, त्याशिवाय एवढा खटाटोप कोण करतं?

मला भिडलं ते मात्र डनमारालाच. निघण्याआधी तो ड्रायव्हर फडकं घेऊन पार मागे गेला आणि शेवटच्या ट्रेलरच्या प्रत्येक लाल दिव्यावरची धूळ पुसली. आमच्याकडे हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या अंधारात तशाच धावतात, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. याचा मला फार राग येतो.

तिथूनच धाकट्या भावाला फोन लावला. "मागच्या ट्रॉलीचा दिवा चालू आहे का रे?"

"वायर तुटलीय दादा. गेल्या हंगामापासनं."