कोळशाच्या वखारीत एक दुपार

आज लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्थानकामागे, रीजंट्स कालव्याच्या काठाजवळचे कोल ड्रॉप्स यार्ड पाहिले. १८५०च्या दशकापासून उत्तरेकडून रेल्वेने आलेला कोळसा येथे वरच्या रुळांवरील वाघिणींमधून खालच्या कप्प्यांत ओतला जाई आणि तेथून घोडागाड्यांनी शहरभर पोहोचे. त्याच विटांच्या कमानींखाली आता महागडे कपडे आणि पादत्राणे विकली जातात. (किमती पाहून मी केवळ कॉफी घेतली.) २०१८ मध्ये खुल्या झालेल्या या नूतनीकरणात ब्रिटिश रचनाकार थॉमस हेदरविक यांनी समोरासमोरच्या दोन इमारतींची छपरे वाकवून मधोमध एकमेकांना टेकवली आहेत, ती करामत मला किंचित दिखाऊ वाटली. मात्र एका ओतीव लोखंडी खांबावरून हात फिरवला, तेव्हा रंगाखालचा जुना खडबडीतपणा बोटांना स्पष्ट जाणवला.