तुम्ही विचारलंत म्हणून: एका लेन्सला तीन आठवडे कशाला?

‘‘लेन्स शार्प आहे की नाही हे पहिल्याच दिवशी कळते, मग तुम्ही एकेका लेन्सच्या तपासणीला तीन आठवडे कशाला लावता?’’ स्टुडिओत शिकायला येणारी मुले हे विचारतात, लग्नसराईआधी मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, जाऊ पाहणारे साताऱ्यातले व्यवसायबंधूही विचारतात, आणि मी निर्णय टाळते आहे असा बहुतेकांचा समज असतो. तसे नाही. उत्तर सांगणे मला जड जात होते, म्हणून आजवर दिले नाही.

पहिल्या दिवशी कळते, हे मान्य आहे. पण ते चौकटीच्या मध्यापुरते. आजच्या फुल-फ्रेम लेन्समध्ये मध्यावर वाईट म्हणावी अशी लेन्स गेल्या काही वर्षांत माझ्या हाती आलेली नाही. खरा प्रश्न फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या कोपऱ्याचा, म्हणजे मध्यापासून सुमारे २१.६ मिलिमीटरवरचा असतो. मध्यापासून कडेपर्यंत तपशील किती टिकतो ते दाखवणारे कंपन्यांचे एमटीएफ आलेख तिथपर्यंत रेघ नेतात, परंतु त्यांतले बरेच गणिताने काढलेले असतात आणि तुमच्या खोक्यातून निघालेल्या त्या एका नगाबद्दल ते काहीही सांगत नाहीत.

हे मला पूर्वी ठाऊक नव्हते असे नाही. मला त्याचे महत्त्व वाटत नव्हते. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांनी फुल-फ्रेम मिररलेस आणले, तेव्हा मीच सगळ्यांना समजावत असे की आरसा गेल्यामुळे लेन्सच्या मागच्या काचा सेन्सरच्या जवळ आणता येतात, निकॉनमध्ये माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटरवरून १६ वर आले आहे, आणि फोकस सेन्सरवरच ठरत असल्याने फ्रंट-फोकस, बॅक-फोकसची, म्हणजे फोकस माणसाच्या पुढे किंवा मागे पडण्याची, जुनी डोकेदुखीही मिटली आहे. त्याला जोडून एक वाक्य हमखास असे: ‘‘आणि कडा बघतो कोण?’’

एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ होता. ऑगस्ट महिना, मैदानात चिखल, म्हणून व्हरांड्यासमोरच्या फरशीवर चार ओळींत ६८ माणसे उभी केली. आठच दिवसांपूर्वी घेतलेली २४–७० मिलिमीटरची झूम लेन्स कॅमेऱ्यावर होती. मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून २४ वर, म्हणजे तिच्या सर्वांत रुंद कोनावर, आणि आभाळ भरलेले असल्यामुळे लेन्सचे छिद्र मोठे ठेवून एफ/४ वर फोटो घेतला. खुर्च्यांवर संस्थेचे पदाधिकारी, मागे शिक्षक, आणि अगदी उजव्या टोकाला शाळेचे शिपाई मामा. सगळ्या खुर्च्या त्यांनीच मांडल्या होत्या, आणि ३४ वर्षांच्या नोकरीनंतर तेही त्याच महिन्यात निवृत्त होत होते. मी पडद्यावर मुख्याध्यापकांचा चेहरा मोठा करून पाहिला. चष्म्याच्या काडीवरचा स्क्रूसुद्धा दिसत होता. ‘‘झालं,’’ मी म्हणाले आणि ओळी मोडल्या.

पंधरा दिवसांनी मामा स्टुडिओत आले. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रत काढली, काउंटरवर ठेवली आणि डाग पडू नये म्हणून बोट न टेकवता वरूनच उजवे टोक दाखवले. ‘‘ताई, मी हललो का हो? मी तर श्वास धरून उभा होतो.’’ मिशी आणि ओठ एकमेकांत मिसळले होते, टोपीची कड दुहेरी दिसत होती. डाव्या टोकाच्या बाईंच्या पदराचा काठ मात्र स्वच्छ होता. मामांच्या मागच्या खिडकीचे गजही त्यांच्या चेहऱ्यासारखेच फिसकटलेले होते, आणि खिडकी काही हलत नाही. मला त्याच क्षणी कळले. तरीही मी म्हणाले, ‘‘एवढ्या माणसांत होतं मामा, कधी कधी.’’ त्यांनी मान हलवली, वर्तमानपत्र पुन्हा नीट घडीवर घडी घालून गुंडाळले, आणि ‘‘माझ्याकडूनच झालं असेल’’ म्हणत ते पायऱ्या उतरले.

त्याच संध्याकाळी गच्चीवरून अजिंक्यताऱ्याची तटबंदी आधी कॅमेरा सरळ धरून आणि मग उलटा करून टिपली. दोन्ही वेळा चौकटीची तीच बाजू पुसट आली. म्हणजे आतली एखादी काच तिरपी बसली होती. असा दोष जुळणीत राहतो आणि माउंट सेन्सरच्या कितीही जवळ आणला तरी तो जात नाही. लेन्स मला बदलून मिळाली. ते ६८ जण पुन्हा एकत्र आले नाहीत. मामांचा एकट्याचा फोटो मी नंतर काढून दिला, पण ते हलले नव्हते हे तेव्हाही माझ्या तोंडून निघाले नाही.

ग्रुप फोटोत टोकाला कोण उभे असते, हे मी त्यानंतर पाहू लागले. शिपाई, स्वयंपाकाच्या मावशी, नुकतीच लागलेली शिक्षिका, लग्नात शेवटी हाक मारून बोलावलेली मोलकरीण. कडा बघतो कोण, असे विचारणाऱ्या मला हे दिसायला हवे होते.

सगळा दोष लेन्सवर ढकलणे मात्र मला पटत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवून छिद्र लहान करत एफ/८ वर जाता आले असते; त्या नगावर मी ते नंतर करून पाहिले, तेव्हा उजवी बाजू सुधारली, डावीच्या बरोबरीला आली नाही. शिवाय निर्दोष लेन्ससुद्धा २४ वर टोकाचे चेहरे रुंद करते. ते रुंद क्षेत्र सपाट सेन्सरवर उतरवण्यामुळे होते आणि कोणत्याही तपासणीने टळत नाही.

आता एकच दूरचा बुरूज पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून २४, ३५, ५० आणि ७० वर फोटो घेते. मग तीन मीटरवरची विटांची भिंत, कारण दुरून नीट दिसणारी लेन्स जवळून तशीच राहील असे नसते. कोपऱ्यात वेगळा फोकस करून पाहते. तो तिथे जुळला, तर ती फोकसच्या प्रतलाची वक्रता असते (मध्य आणि कोपरा एकाच फोकसवर जुळत नाहीत), काच तिरपी असल्याचा पुरावा नव्हे. रात्री पोवई नाक्यावरचे दिवे कोपऱ्यात घेते, म्हणजे कोमा, बिंदूसारखा दिवा कोपऱ्यात शेपटीसारखा ओढला जाण्याचा दोष, दिसतो. त्यानंतर प्रत्यक्ष कामे, आणि त्यांना वेळ लागतोच.

लेन्सचे दोष चित्रात भरून काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेबद्दल माझे मत अजून पक्के नाही. कॅननच्या आरएफ २४–१०५ एफ/४–७.१ या झूम लेन्समध्ये ती बंद केली, तर २४ वर कोपरे काळेच राहतात. चित्र ताणून ते भरले जातात. पूर्वी मी याला फसवणूक म्हणत असे. आता वाटते की लेन्स स्वस्त आणि हलकी होण्याची ती किंमत असेल, तर शेवटच्या चित्रावरूनच निवाडा करावा. पण ताणलेल्या भागात तपशील विरळ होतो, आणि त्या भागात कोणीतरी उभे असतेच.

गेल्या आठवड्यात ज्यांनी फोन करून नव्या झूमबद्दल विचारले, त्यांच्यासाठी: २४ वर चारही कोपरे सारखे आहेत, ५० वर वरचा डावा किंचित मऊ वाटतो, ७० चे फोटो धुक्यामुळे फुकट गेले. अजून आठ दिवस तरी थांबा.