मुकरची वहिवाट

लंडनचे चार दिवस आणि यॉर्कचा एक, त्यांचे फोटो आहेत. लिहायचं आहे ते मुकरबद्दल. यॉर्कशायर डेल्समध्ये स्वेल नदीच्या खोऱ्यात हे एवढंसं दगडी गाव आहे. दादा लीड्सला राहतो. "चल, तुला गडगे दाखवतो," म्हणाला आणि जूनमधले तीन दिवस मला तिकडे घेऊन गेला.

खरंच गडगेच, नुसते दगड रचून घातलेले बांध! आमच्या राजापूरकडे जांभ्याचे, इथे करड्या दगडाचे. चुना नाही, सिमेंट नाही. दोन बाजूंनी दोन भिंती रचत आणायच्या, पोटात बारीक दगड भरायचा आणि मधेमधे दोन्ही भिंतींना धरून ठेवणारे लांब दगड आडवे घालायचे. असे गडगे थेट डोंगरमाथ्यापर्यंत चढत गेलेत. कुरणाकुरणात दगडी गोठा, माळ्यावर गवत ठेवायचं आणि खाली गुरं बांधायची.

गावाबाहेर पडलं की पायवाट सरळ लोकांच्या कुरणांतूनच जाते. जूनमध्ये ही कुरणं पिवळ्या बटरकपांनी आणि जांभळ्या रानजिरेनियमांनी भरलेली असतात. पण ती काही बाग नव्हे. ते हिवाळ्याचं वैरण आहे, जुलैत कापायचं. म्हणून वाटेवर फरश्या घातल्यात आणि एकामागून एक चाला, अशी पाटी आहे. 'प्रवेश बंद' कुठेच नाही. प्रत्येक गडग्यात दोन उभ्या दगडांमध्ये फट ठेवलेली. माणूस अंग तिरकं करून पार होतो, मेंढी अडते. पाचव्या-सहाव्या फटीपाशी मी थांबले. दादाही थांबला. आम्ही दोघं काही बोललो नाही.

या वाटा कशा टिकल्या ते दादाने सांगितलं. लोक २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा एखाद्या वाटेने गेले, तर ती सार्वजनिक मानली जाते, मालकाला ती सहसा अडवता येत नाही. मुकरला १५८० मध्ये चर्च झालं. त्याआधी वरच्या गावांतली माणसं आपली प्रेतं खांद्यावर घेऊन पार ग्रिंटनच्या चर्चपर्यंत, जवळजवळ २५ किलोमीटर, चालत न्यायची. त्या मार्गाला अजूनही प्रेतांची वाट म्हणतात. अशी वाट कोण अडवणार?

संध्याकाळी फार्मर्स आर्म्समध्ये गेलो. गावात पब तो एकच. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या एका गावात आमचे हाल झाले होते. बाहेर लख्ख उजेड आणि पबचं स्वयंपाकघर बंद. वेफर्सच्या दोन पाकिटांवर रात्र काढली, त्याचा राग मला अजून आहे. इथे मात्र गरमागरम 'पाय' म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री मिळाली, सोबत वाटाणे. आपल्याकडे बार म्हटलं की अंधार आणि बायकांनी न जायची जागा. इथे म्हातारी जोडपी, पोरंबाळं, टेबलाखाली झोपलेले कुत्रे आणि चिखलाचे बूट घातलेले शेतकरी, सगळे एकत्र. टेबलाशी कोणी विचारायला येत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं आणि पैसे तिथेच द्यायचे. रांग दिसत नाही, पण कोणाचा नंबर आधी हे सगळ्यांना ठाऊक असतं. एल नावाची बिअर हातपंपाने ओढून देतात, तळघरातल्या गारव्याइतकीच गार. मला अर्धा पाइंट पुरला.

शेजारच्या बाकावरचे आजोबा मेंढपाळ निघाले. दुपारी आम्ही ज्या कुरणांतून आलो, त्यांतलं एक त्यांचं. दादा पटकन म्हणाला, "तुमच्या शेतातून आलो, माफ करा." आजोबांना ते कळेचना. "वाट माझ्या आधीची आहे," ते म्हणाले, "गवत तेवढं तुडवू नका."

आमच्या काकू ४० वर्षं आमच्या कलमांच्या बागेतून एसटीच्या थांब्यावर जायच्या. गुरं आत शिरतात म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही तिथे गडगा घातला. वहिवाटीला आपल्याकडेही २० वर्षांचाच नियम आहे, १८८२ च्या कायद्यातला, आणि बाबांना तो माहीत होता. गवंड्याची मजुरी मी पाठवली होती. काकू आता सत्तरीच्या आहेत, गुडघे धरून सड्याच्या, म्हणजे कातळमाळाच्या रस्त्याने वळसा घालून जातात. आमच्याशी बोलत नाहीत.

ग्लास संपेपर्यंत दादा गप्प होता. मग म्हणाला, "गुरंच अडवायची होती ना गं आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी जवळच्या केल्ड गावचे धबधबे बघायचे ठरले होते. त्याआधी आम्ही परत त्या कुरणात गेलो. दादाने फटीत पाय रोवून रुंदी मापली, खाली त्याचे दोन बूट जेमतेम शेजारी मावत होते, कमरेपाशी थोडी जास्त. मी दोन्ही बाजूंनी फोटो काढले.

बाबांना ते अजून दाखवलेले नाहीत. गणपतीला गावी जाणार आहे. आधी काकूंकडे जाईन, सड्याच्या रस्त्याने.